पुरानंतरचा तिसरा दिवस : सिंहगड रस्त्यावरील एका सोसायटीच्या एसटीपीचे प्रकरण

जुलै २०२४ च्या अखेरच्या आठवड्यात पुण्यात काय झाले, हे पुणेकरांना वेगळे सांगायला नको. २४ तारखेच्या रात्री धरणांच्या पाणलोटात आणि शहरात एकाच वेळी पाऊस कोसळत राहिला, खडकवासल्यातून मुठेत सोडलेला विसर्ग पस्तीस हजार क्युसेकच्या घरात गेला आणि २५ जुलैच्या पहाटे सिंहगड रस्त्यालगतच्या एकतानगरीसह नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. घराघरांतून बाहेर काढलेल्या माणसांची, मदतीला आलेल्या जवानांची आणि पाण्यात उभ्या मोटारींची छायाचित्रे दिवसभर फिरत होती. याच रस्त्याच्या नदीकडच्या अंगाला असलेल्या एका सोसायटीच्या तळघरात त्याच पहाटे मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्प, म्हणजे रोजच्या बोलण्यातला एसटीपी, पाच फूट पाण्याखाली गेला. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही.

हे प्रकरण त्या एसटीपीचे आहे. सोसायटीचे नाव मुद्दाम देत नाही. पर्यावरण अभियंता म्हणून अशा प्रकल्पांची तपासणी हे माझे काम असल्याने २५ तारखेच्या दुपारी मला बोलावणे आले आणि पुढचे जवळजवळ तीन आठवडे मी तिथे येत-जात होते. एसटीपीवरील आणीबाणीचा विचार करताना सगळ्यांचे लक्ष पाणी शिरण्याच्या क्षणाकडे असते. माणसाच्या जिवाला खरा धोका मात्र पाणी ओसरून सगळे निवांत झाल्यानंतर सुरू होतो, हे या प्रकरणात फार जवळून दिसले, म्हणून ते सविस्तर मांडते आहे.

प्रकल्पाची रचना

चार इमारती, २४० सदनिका. सदनिकेमागे पाच माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी आणि त्यातले ऐंशी टक्के मैलापाणी म्हणून परत येणार, या नेहमीच्या हिशेबाने दिवसाला सुमारे १ लाख ३० हजार लिटर क्षमतेचा प्रकल्प बांधलेला होता. पद्धत एमबीबीआर. हवेच्या टाकीत चाकाच्या आकाराचे प्लास्टिकचे छोटे तुकडे तरंगत असतात, त्यांच्या अंगावर जंतूंचा थर वाढतो आणि ब्लोअरने सोडलेल्या हवेवर जगणारे हे जंतू मैला खाऊन पाणी स्वच्छ करतात. त्याआधीची कलेक्शन टाकी ३२ हजार लिटरची, म्हणजे सरासरी प्रवाहाने सहा तासांची. सरासरी हा शब्द इथे फसवा आहे. सकाळी सहा ते नऊ या वेळात प्रवाह सरासरीच्या अडीचपट होतो, तासाला तेरा-चौदा हजार लिटर येतात आणि पंप बंद असेल तर रिकामी टाकीसुद्धा अडीच तासांच्या आत काठोकाठ भरते.

इमारतीत जी जागा विकता येत नाही तिथे एसटीपी जातो, हा आपल्याकडचा अलिखित नियम आहे. इथेही तो तळघराच्या सर्वांत खोल कोपऱ्यात होता. विजेचे पॅनेल जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर बसवलेले होते आणि पलीकडच्या भिंतीला लागून पिण्याच्या पाण्याची भूमिगत टाकी होती, जिच्या झाकणाला रबरी पट्टी नव्हती. नदीकाठच्या निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे अनुक्रमे पंचवीस आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, इमारत कुठे उभी राहावी हे ठरवताना पाहिल्या जातात. तळघराचा तळ त्या पातळीच्या किती खाली जातो, हा प्रश्न या सोसायटीत कधी कोणी विचारला नव्हता.

पाणी आले कुठून

सभासदांची समजूत अशी की पाणी रॅम्पवरून उतरले. ते उतरलेही, पण नंतर. रात्रपाळीच्या वॉचमनने सांगितलेला तपशील या प्रकरणात कळीचा ठरला. पहाटे साडेतीनच्या सुमारास रॅम्पवर पाण्याचा थेंबही नसताना एसटीपीच्या दाराखालून काळे पाणी बाहेर येत होते आणि आतून उकळल्यासारखा आवाज येत होता.

याचा उलगडा सोपा आहे. प्रक्रिया केलेले जादा पाणी आणि आणीबाणीतला बायपास, म्हणजे प्रक्रियेशिवाय मैलापाणी बाहेर सोडायची वाट, एकाच नळाने महापालिकेच्या ड्रेनेजला जोडलेला होता. पुण्यात मोठ्या मैलावाहिन्या ओढ्यांच्या आणि नदीच्या काठाने गेलेल्या आहेत, कारण उतार तिकडेच आहे. नदी चढली की काठावरची चेंबरे पाण्याखाली जातात, वाहिनी तुडुंब भरते आणि जे पाणी पुढे जायला हवे ते मागे सरकू लागते. जिथे पहिली खोल जागा मिळेल तिथे ते वर येते, आणि सोसायटीचे तळघर ही तशी जागा होती. नकाशात त्या नळावर एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा आणि मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह, दाखवलेला होता. प्रत्यक्षात त्याच्या आतली झडप दोन वर्षांपूर्वी वेट वाइप्स अडकून तुंबते म्हणून काढली गेली होती आणि ती स्टोअरमध्ये एका जुन्या बादलीत सापडली. झडप काढल्याची नोंद लॉगबुकमध्ये होती. ती पुन्हा बसवायची आहे, अशी नोंद मात्र कुठेच नव्हती.

ऑपरेटरने पहाटे पावणेचारला, कोणालाही न विचारता, मेन स्विच पाडला. परभणीकडचा हा तरुण एसटीपीशेजारच्या खोलीतच झोपत असे. त्याच्या या एका कृतीने पॅनेलच्या वायरिंगचे नुकसान मर्यादित राहिले आणि कदाचित पाण्यात उतरून मोटारी काढायला धावलेल्या दोन सभासदांचे प्राणही वाचले. सेक्रेटरींनी नंतर त्याला विचारले, “तुला कोणी सांगितलं होतं का रे?” तो म्हणाला, “नाही साहेब, पाणी आन् लाइट एका जागी बरं नाय, एवढंच ठाऊक.”

बंद न करता येणारा प्रवाह

आग लागली तर गॅस तोडता येतो, वीज तोडता येते. मैलापाण्याचे तसे नाही. वीज गेली, पंप थांबले, तळघर बुडाले, तरी गच्चीवरच्या टाक्यांत पाणी शिल्लक होते आणि सव्वादोनशे कुटुंबांची सकाळ नेहमीसारखी सुरू झाली. वरून येणारा प्रत्येक फ्लश खालच्या पुराच्या पाण्यात मिसळत होता. मी पोहोचले तेव्हा समितीची चर्चा पाणी उपसायचा पंप कुठून आणायचा यावर चालली होती. मी आधी वरचे व्हॉल्व्ह निम्मे बंद करायला लावले आणि सोसायटीच्या ग्रुपवर संदेश टाकायला सांगितला : फ्लशचे बटण दाबू नये, बादलीनेच पाणी टाकावे, वॉशिंग मशिन बंद ठेवावे, आंघोळ एका बादलीत उरकावी. संदेशाखाली अपेक्षेप्रमाणे मेंटेनन्सच्या रकमेवरून वाद सुरू झाला, तरी बहुतेकांनी ऐकले. दिवसाचा सव्वालाख लिटरच्या आसपासचा प्रवाह अंदाजे ४० हजारांवर आला. हा फरक किती मोठा, हे टँकरच्या भाषेत कळते. नऊ हजार लिटरच्या सक्शन टँकरच्या चौदा खेपांऐवजी पाच खेपा लागू लागल्या, आणि त्या दिवसांत चौदा खेपा पैसे मोजूनही मिळाल्या नसत्या.

उपसा सुरू करताना दोन गोष्टींसाठी हट्ट धरावा लागला. भाड्याने आलेला डिझेल पंप कामगार तळघरातच उतरवत होते, कारण त्याचा सक्शन पाइप तोकडा होता. बंदिस्त तळघरात इंजिन चालले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि माणूस झोप आल्यासारखा बसून राहतो. पंप रॅम्पच्या वरच ठेवायचा ठरल्याने जादा पाइप मागवण्यात दोन तास गेले. दुसरी गोष्ट पिण्याच्या टाकीची. वरवर स्वच्छ दिसणारे तिचे पाणी वापरायला काय हरकत आहे, असा सूर होता. झाकणापर्यंत मैलामिश्रित पाणी चढून गेल्याच्या खुणा भिंतीवर स्पष्ट होत्या. टाकी पूर्ण रिकामी केली, घासली, पुन्हा भरून लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीन बसेल इतकी, म्हणजे हजार लिटरला साधारण १७० ग्रॅम, चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर विरघळवून एक रात्र ठेवली, ते पाणी टाकून दिले आणि नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन मिळतो हे पाहूनच पुरवठा सुरू केला. तोवर पिण्याला बाहेरचे पाणी. पुढे जानेवारी २०२५ मध्ये याच सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पाण्याच्या शुद्धतेचा विषय शहरभर निघाला, तेव्हा त्या वेळी कुरकुर करणाऱ्या एका काकांनी आपण होऊन फोन केला होता.

तिसरा दिवस

२७ जुलै, शनिवार. तळघर रिकामे झाले होते. चिखलाचा पातळ थर, त्यात अडकलेल्या चपला आणि पार्किंगभर पसरलेले ते प्लास्टिकचे चाकासारखे तुकडे, जे पाण्यापेक्षा किंचित हलके असल्याने टाकीच्या काठावरून तरंगत बाहेर आले होते. एका स्कूटरच्या डिकीत ते ओंजळभर निघाले. ऊन पडले होते. लोकांचा जीव भांड्यात पडला होता आणि प्रत्येकाला एकच विचारायचे होते, की एसटीपी केव्हा सुरू होणार.

कलेक्शन टाकीतला सबमर्सिबल पंप तळाशी अडकला होता. तो उचलायची साखळी गंजून तुटलेली होती आणि पंपाभोवती कापडाचा गुंता झाला होता. देखभाल कंत्राटदाराने पाठवलेल्या दोघांपैकी एकाने शर्ट काढून रेलिंगवर टाकला, कमरेला दोर बांधला आणि म्हणाला, “मॅडम, पाच मिनिटांचं काम आहे. पाणी गुडघाभरच आहे.” त्याचे म्हणणे डोळ्यांना पटण्यासारखे होते. टाकी साडेतीन मीटर खोल, खाली दोन फूट काळे पाणी, वर उघडे झाकण, आणि वासही आदल्या दिवसापेक्षा कमी वाटत होता.

वास कमी वाटणे हीच भीतीची गोष्ट होती. हवा न मिळालेल्या मैल्यात दोन-तीन दिवसांत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोड्या प्रमाणात त्याला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) आसपास तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो आणि माणसाला वाटते की हवा सुधारली. प्रमाण ५०० पीपीएमच्या पुढे गेले तर काही मिनिटांत माणूस कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो. शिवाय त्यातला बराचसा गाळात विरघळून असतो आणि कोणी पाय घालून गाळ ढवळला की सोड्याची बाटली हलवल्यासारखा एकदम बाहेर येतो. म्हणजे झाकणाशी घेतलेला श्वास खालच्या हवेबद्दल काहीही सांगत नाही.

माझ्याकडचा चार वायूंचा मीटर दोरीला बांधून खाली सोडला. एक मीटरवर प्राणवायू २०.४ टक्के, म्हणजे जवळजवळ नेहमीइतका. अडीच मीटरवर १८.१. तळाजवळ, काठीने गाळ थोडा हलवल्यावर, मीटर किंचाळायला लागला : प्राणवायू १६.८ टक्के, हायड्रोजन सल्फाइड १४० पीपीएम. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तिथे उतरायचे नाही, आणि हायड्रोजन सल्फाइडची १०० पीपीएम ही पातळीच जिवाला तत्काळ धोका म्हणून धरली जाते. रेलिंगवरचा शर्ट त्या माणसाने गुपचूप परत अंगात घातला. आत उतरलेला एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा, ही साखळी पुणे परिसरातल्या मैलाटाक्यांच्या दुर्घटनांमध्ये पुन्हा पुन्हा दिसली आहे. त्या दिवशी टाकीच्या काठावर आम्ही सहाजण उभे होतो.

इथे समितीतला एक मुद्दा नोंदवायला हवा. एक सभासद म्हणाले की माणूस कंत्राटदाराचा आहे, जबाबदारी त्याची. २०१३ च्या हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या कायद्यानुसार गटारे आणि मैलाटाक्या संरक्षक साधनांशिवाय साफ करून घेणे हा गुन्हा आहे, मग ते थेट सांगून करून घ्या किंवा मधल्या माणसामार्फत. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई ३० लाख रुपये केली. आकडे ऐकल्यावर चर्चा थांबली. ती आकड्यांमुळे थांबावी लागली, याचे मला वाईट वाटले.

पंप शेवटी वरूनच निघाला. तिकाटणे उभे करून चेन पुली लावली, टँकरवाल्याच्या जेटिंग मशिनने, म्हणजे जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने, कापडाचा गुंता सैल केला आणि लोखंडी आकडा टाकून पंप ओढून काढला. पाच मिनिटांच्या कामाला पाच तास लागले. पंपाच्या पंख्यात एक संपूर्ण ओढणी होती.

पुन्हा सुरुवात

यंत्रांचा भाग थोडक्यात सांगता येतो. ब्लोअरच्या आणि पंपांच्या मोटारी त्या दुरुस्त करणाऱ्या वाइंडरकडे नेऊन वाळवून आणल्या आणि मेगर (वायरीच्या आवरणातून वीज गळते का हे दाखवणारा मीटर) लावून इन्शुलेशन तपासल्याशिवाय एकही जोडू दिली नाही. ब्लोअरचे तेल बदलले. प्लास्टिकचे तुकडे पोत्यांत गोळा करून, धुऊन पुन्हा टाकीत टाकले. वीजपुरवठ्याची खात्री नसल्याने एका ब्लोअरपुरता भाड्याचा जनरेटर वर आणून ठेवला.

जंतूंना मात्र घाई चालत नाही. तुकड्यांवरचा थर बराचसा काळा पडून सुटला होता. ३ ऑगस्टला बाणेरच्या एका चालू एसटीपीतून नऊ हजार लिटर जिवंत गाळ टँकरने आणून हवेच्या टाकीत सोडला. प्रवाह निम्माच ठेवला. सुरुवातीला टाकीवर पांढरा फेस चढला तेव्हा बिघाड झाला म्हणून तीन फोन आले. नव्याने वाढू लागलेल्या जंतूंची ती नेहमीची खूण आहे. विरघळलेला प्राणवायू लिटरला २ मिलिग्रॅमपर्यंत आला की पाण्याचा रंग चॉकलेटी होऊ लागतो आणि ओल्या मातीसारखा वास येतो, एवढे ऑपरेटरला सांगून मी घरी गेले.

४ ऑगस्ट

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, खडकवासल्याचा विसर्ग पुन्हा वाढत गेला आणि एकतानगरी परिसरात पुन्हा पाणी आले. पहिल्या पुराला जेमतेम दहा दिवस झाले होते.

या वेळी सोसायटीकडे आराखडा नव्हता, पण ताजी आठवण होती. दुपारी विसर्गाचा आकडा वाढल्याचे कळताच ऑपरेटरने बाहेर जाणाऱ्या नळात रबरी फुगा बसवून तो हवेने फुगवला. कायमची झडप येईपर्यंत हा फुगा आम्ही आठवड्यापूर्वी भाड्याने आणून ठेवला होता. रॅम्पच्या तोंडाशी वाळूची पोती रचली. पिण्याच्या टाकीचे झाकण प्लास्टिक आणि रबरी पट्टी लावून बंद केले. पार्किंग रिकामे केले. संदेश या वेळी पूर येण्याआधी गेला. संध्याकाळी तळघरात झिरपून आलेले पाणी घोट्याला लागताच त्याने वीज तोडली, जनरेटरची लाइनसुद्धा. नदी शेजारीच होती, तरी पाणी घोट्याच्या वर गेले नाही.

पण फुग्याने बाहेरचे पाणी अडवले तसे आतलेही अडवले. ही बाजू मी पुरेशी जोखली नव्हती. रात्री अकराच्या सुमारास कलेक्शन टाकी भरली, चेंबरे भरली आणि सर्वांत खालच्या, पहिल्या मजल्यावरच्या एका घरात न्हाणीच्या जाळीखालच्या ट्रॅपमधून घाण पाणी वर आले. त्या घरात पाळण्यातले मूल होते. फुगा काढला असता तर नदीच आत आली असती. सेक्रेटरींनी त्या कुटुंबाला वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे हलवले, त्या इमारतीचे पाणी पूर्ण बंद केले आणि फुगा राहू दिला. निर्णय बरोबर होता असे मला आजही वाटते, आणि त्या घरातल्या ताईंना तसे वाटत नाही, हेही समजण्यासारखे आहे. लॉगबुकमध्ये ऑपरेटरच्या अक्षरात नोंद आहे : “सकाळी ६.४० फुगा काढला. पाणी पुढे जाते.”

हवेच्या टाकीला बारा तासांहून अधिक काळ हवा मिळाली नव्हती. वास आंबूस झाला होता, पण जंतू तगले. सोडलेल्या पाण्याचा बीओडी, म्हणजे पाण्यात कुजणारी घाण किती उरली हे सांगणारा आकडा, प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातल्या मर्यादेत यायला ऑगस्टचा तिसरा आठवडा उजाडला.

पॅनेल वर, स्टिल्ट पार्किंगच्या (इमारतीच्या खांबांमधल्या तळमजल्याच्या) पातळीवर न्यायचे वार्षिक सभेत मंजूर झाले, त्याला बराच वाद घालावा लागला. नळावर झडपेसोबत हाताने बंद करायचा स्लूस व्हॉल्व्ह बसला. पंपांना स्टेनलेस स्टीलच्या साखळ्या आल्या. पहिल्या मजल्याची ड्रेनेज लाइन वरच्या मजल्यांपासून वेगळी काढायचे काम निघाले आहे, ते अर्धवट आहे. बिल्डरने दिलेल्या फाइलीतली इंग्रजी माहितीपुस्तिका कपाटातच आहे. एसटीपीच्या दारावर आता मराठी आणि हिंदीतला एक तक्ता आहे, त्यात विसर्ग किती झाला की फुगा, किती झाला की संदेश, पाणी कुठवर आले की वीज तोडायची आणि टाकीत कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, उतरायचे नाही, एवढेच लिहिले आहे.

मे २०२५ मध्ये एका रविवारी त्या तक्त्याप्रमाणे सराव घेतला. फुगा बसवायला ऑपरेटरला अकरा मिनिटे लागली. मग तो म्हणाला, “मॅडम, मी गावाला गेलो असलो तर?” त्या दिवशी दोन्ही पाळ्यांच्या वॉचमननाही फुगा बसवायला शिकवले. सुरक्षा एजन्सी माणसे बदलत राहते, त्यामुळे तो सराव आता दर मे महिन्यात आणि नवा वॉचमन आला की त्या आठवड्यात घ्यायचा, अशी नोंद लॉगबुकच्या पहिल्या पानावर केली आहे.